दोन मुली आणि गहू

“हिला गहू सोसत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजपासून गहू पूर्ण बंद. रवा, मैदा, पाव, बिस्किट, शेवया, काही नाही. एक कणसुद्धा पोटात जाता कामा नये.”

मुंबईतलं मुलांचं इस्पितळ होतं. खिडकीजवळच्या खाटेवर माझी धाकटी हमीदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. वय साडेतीन वर्षांचं, पण अंगाने दीड वर्षाच्या मुलाएवढी. हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र टम्म फुगलेलं.

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, सिलिॲक डिसीज. मला ते उच्चारता येईना. मग त्यांनी सोपं करून सांगितलं. गव्हात ग्लूटेन नावाचा एक चिकट पदार्थ असतो. मळलेली कणीक ताणली जाते, ती त्याच्यामुळे. काही मुलांचं आतडं त्याने बिघडतं. मग मूल कितीही खाऊ दे, अंगी लागत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात आणि मूल वाळत जातं.

“हे अलीकडेच कळायला लागलंय,” त्या म्हणाल्या. “आमच्यातल्याही सगळ्यांना अजून ठाऊक नाही.”

आजाराला नाव मिळालं होतं, उपायही सापडला होता. मी हसायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, “बाई, माझ्या थोरलीलाही असंच होतं.”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “ती कुठे असते?”

“ती गेली. दोन पावसाळे झाले.”

 त्या हळूच म्हणाल्या, “बहुतेक तेच असेल. तिला न तपासता खात्रीने सांगता येणार नाही. पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं? मलाही नव्हतं.”

मी मान हलवली आणि हमीदाच्या अंगावरची चादर नीट केली. ती नीटच होती.

ज्या आयांची मुलं अशी वाळत असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, म्हणून आधी जुलेखाचं सांगायला हवं.

आमचं घर रत्नागिरीत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. मुलींचे बावा, म्हणजे वडील, बोटीवर खलाशी. दहा-दहा महिने समुद्रावर, मग थोडे दिवस घरी. घरात मी, सासूबाई आणि दोघी मुली. आम्ही तांदूळ खाणारी माणसं. पण त्या वर्षांत रेशनवर तांदूळ कमी आणि गहू जास्त मिळायचा, म्हणून चपात्या घरात आल्या. सकाळी चहाबरोबर पाव-बटर होतंच. आणि मुलींचे बावा येताना बिस्किटांचे मोठे डबे आणायचे. त्या डब्यांवर परदेशातली चित्रं असायची. जुलेखा त्यातलं एकेक बिस्किट दुधात बुडवून खायची आणि मला विचारायची, “बावा आता कुठे असतील?”

दुसऱ्या वर्षापर्यंत जुलेखा गुटगुटीत होती. मग पोट बिघडायला लागलं. पांढरट, चिकट, खूप दुर्गंधी येणारं शौच. चेहरा उतरलेला, सारखी किरकीर. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, मग लिव्हरचं. सासूबाईंनी दृष्ट काढली. जुलाब वाढले की आम्ही तिला नुसत्या पेजेवर ठेवायचो आणि आठवड्याभरात तिला तरतरी यायची. मग तिला ताकद यावी म्हणून सासूबाई गहू भिजवून, वाटून, गाळून त्याचं सत्त्व काढायच्या आणि तूप-साखर घालून त्याची खीर भरवायच्या. मी रव्याची लापशी द्यायची. पुन्हा पोट बिघडायचं. पुन्हा पेज. असं करत करत ती पाच वर्षांची झाली. ऐन पावसाळ्यात तिला ताप आला आणि तेवढ्यानेच ती गेली. अंगात काही उरलंच नव्हतं. तिचे बावा तेव्हा आफ्रिकेच्या बाजूला होते.

हमीदाचं पोट तसंच फुगायला लागलं तेव्हा मी कुणाला विचारत बसले नाही. पण पावसाळ्यात मुंबईची आगबोट बंद. चार महिने मी रोज समुद्राकडे बघून काढले. बोटी सुरू झाल्याबरोबर माझ्या भावाला बरोबर घेतलं आणि निघाले. बंदरातून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, बसून बोटीपर्यंत जायचं असतं. लाटेवर पडाव वर आला की बोटीवरचा माणूस मूल उचलून घेतो. त्याने हमीदाला उचललं आणि तो गडबडला. इतकी हलकी असेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

इस्पितळात पहिले दिवस बाकावर बसण्यात गेले. रक्त तपासलं. शौच तपासलं, कारण या आजारात खाल्लेलं तूप-तेल न पचता तसंच बाहेर पडतं. मग बेरियम एक्स-रे, म्हणजे खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध पाजून आतड्याचा फोटो. ते पाजताना हमीदा इतकी रडली की शेजारच्या खाटेवरची मुलंही रडायला लागली.

मग डॉक्टरीणबाई माझ्याजवळ बसल्या आणि एकच गोष्ट विचारत राहिल्या. कधी बरी असते, कधी बिघडते? मी सांगितलं, पेजेवर असली की बरी, ताकदीचं दिलं की बिघडते. “ताकदीचं म्हणजे काय काय?” मी एकेक नाव घेत गेले, रवा, सत्त्व, बिस्किट, पाव, आणि त्या मान हलवत गेल्या.

गहू बंद केल्यावर चमत्कार वगैरे झाला नाही. पोट तसंच होतं, वजनही तसंच. पहिला बदल झाला तो स्वभावात. तोवर हमीदाला कुणी हात लावलेला खपायचा नाही, कुणी नुसतं बघितलं तरी ती भोकाड पसरायची. एका सकाळी वॉर्डातली आया झाडू मारता मारता जोरात शिंकली आणि हमीदा हसली. आया मुद्दाम पुन्हा शिंकली. ती पुन्हा हसली. त्याच आठवड्यात ती मला म्हणाली, “अम्मा, भात दे. मासा घालून दे.” मूल आपणहून खायला मागतं आहे हे मी किती दिवसांनी ऐकत होते! भावाने ओळखीच्या घरून भात आणि बांगड्याचं कालवण आणलं. ती खाताना मला जुलेखा दिसत राहिली. तिलाही भात हवा असायचा आणि आम्ही म्हणायचो, नुसत्या भाताने कुठे ताकद येते?

रत्नागिरीला परतल्यावर सासूबाई माझ्यावर चिडल्या. “काय गो, पोरीला गहू द्यायचा नाही तर ती उभी कशावर राहणार?”

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना जुलेखाचं नाव घेतलं नाही, पण त्यांना समजलं. त्या खाली बसल्या. स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“ह्या हातांनी भरवलं गो मी तिला,” त्या म्हणाल्या. “ती नको नको म्हणायची. मी म्हणायची, दादीसाठी एक चमचा.”

 मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

त्यानंतर घरात गहू आला नाही. रेशनचा गहू आम्ही दुसऱ्यांना द्यायचो. सकाळी तांदळाची भाकरी किंवा घावन, दुपारी भात आणि मासा, संध्याकाळी नाचणीची आंबील. मासा तळायचा तो तांदळाच्या पिठात घोळवून, रव्यात नाही. गोड म्हणून तांदळाची सांदणं. हे सगळं आमच्या घरात पहिल्यापासून होतंच. गव्हाला जागा करून देताना आम्हीच ते मागे सारलं होतं.

तरीही दोन महिन्यांनी हमीदाचं पोट पुन्हा बिघडलं. मी घाबरून गेले. काहीच चुकलं नव्हतं. विचार करता करता लक्षात आलं की तांदूळ आम्ही गिरणीत दळून आणतो आणि गिरणीत आमच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माळ्यावरचं जातं काढायला लावलं. त्यांचे गुडघे धड वाकत नव्हते, तरी पीठ त्याच दळायच्या. मला हात लावू द्यायच्या नाहीत. जात्याची घरघर आणि त्यांचं तोंडातल्या तोंडात दुवा मागणं, दोन्ही बरोबरच चालायचं. हमीदाचं पोट पुन्हा ताळ्यावर आलं. ज्यांच्या घरी हा आजार असेल त्यांनी हे ध्यानात ठेवा. ताटातला गहू दिसतो, पिठात मिसळलेला दिसत नाही.

मुलींचे बावा उन्हाळ्याच्या तोंडाला आले. हमीदाचा आजार मी पत्राने कळवला होता, तो कशाने झाला ते लिहायचं धाडस झालं नव्हतं. हमीदा दारात उभी होती. तिचे गाल भरले होते. त्यांनी तिला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग ट्रंक उघडून बिस्किटांचा डबा काढला. मी डब्यावर हात ठेवला.

“हे तिला नाही चालायचं. त्यात गहू आहे. गव्हानेच तिला होत होतं.”

मी जे डॉक्टरीणबाईंकडून ऐकलं होतं ते सगळं सांगितलं.  सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “जुलेखाला पण हेच?”

“बहुतेक, असं त्या म्हणाल्या.”

“मी आणलेली बिस्किटं ती रोज खायची?”

खोटं बोलता आलं असतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते की जमलं नाही. “मागून खायची,” मी म्हटलं. “तुम्ही आणलेली म्हणून मागायची.”

डबा मांडीवर घेऊन ते दुपार कलताना होणाऱ्या अस्रच्या बांगेपर्यंत तसेच बसून राहिले. मग डबा शेजारी देऊन आले आणि तसेच कब्रस्तानात गेले. परत आले तेव्हा पायजम्याच्या गुडघ्यांना लाल माती लागलेली होती. मी हात धुवायला पाणी दिलं. आमचं त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पण जेवायला बसले की ते हमीदाच्याच ताटातलं खायचे, बाहेर कुणाकडे गेले तरी पाव-चपातीला हात लावायचे नाहीत.

त्याच सुट्टीत ते म्हणाले, “आपाकडे जाऊन येऊ. हिने अजून काही बघितलंच नाही.” आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण, अंजनवेलला दिलेली. आजारी मुली घेऊन आम्ही कधी कुठे गेलोच नव्हतो. हमीदाला घेऊन ही आमची पहिली सहल. सासूबाईंनी दळलेलं पीठ, नाचणी, तवा, एक पातेलं, उलथनं असं सगळं मी बरोबर बांधून घेतलं. दाभोळपर्यंत आगबोटीने आणि पुढे खाडी ओलांडून होडीने. हमीदा होडीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. पाणी उडालं की किंचाळायची.

आपांनी आमच्यासाठी मोठा बेत केला होता. शेवयांची खीर, मैद्याच्या पुऱ्या. मी माझं पातेलं काढलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. “माझ्या घरी येऊन स्वतःचं रांधणार? एक घास दे गो पोरीला. माझ्या हातचा एक घास. काय होतंय एका घासाने?”

मी काही बोलायच्या आत मुलींचे बावा बोलले. हा माणूस मोठ्या बहिणीपुढे मान वर करून कधी बोललेला नव्हता.

“आपा, एक घासही नको. एक मुलगी आम्ही मातीत ठेवलीय.”

 आपांनी खिरीचं भांडं झाकून मागच्या दारी नेऊन ठेवलं, चूल सारवली, हात राखेने घासून धुतले आणि मला म्हणाल्या, “तुझं पीठ आण. शिरवाळ्या करू. त्या तरी चालतील ना?” तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या शेवया त्या. आम्ही दोघींनी लाकडी साच्यातून पाडल्या आणि नारळाच्या गोड रसात घालून हमीदाला दिल्या. ती दोन वाट्या जेवली. आपा समोर बसून पदराने डोळे पुसत होत्या आणि वाढत होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळे अंजनवेलच्या गडावर गेलो. डबा बरोबर होताच, भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. चढावर मी हमीदाला कडेवर घ्यायला वाकले, तर ती हात झटकून पुढे गेली. वरून खाडीचं तोंड आणि उघडा समुद्र दिसतो. ती तटाकडे धावायला लागली आणि तिचे बावा तिच्यामागे. तिला धावताना मी पहिल्यांदाच बघत होते. त्या वाऱ्यात तिथे बसून मी खूप रडले. आपांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरीणबाईंचं नाव माझ्या प्रत्येक दुव्यात असतं. सासूबाईंचंही, त्या आता नाहीत. आजार पूर्ण जात नाही, एवढं मी इतर आयांना सांगेन. गहू आयुष्यभर टाळावा लागतो. पण मूल वाढतं, शाळेत जातं, भांडतं, सगळं करतं. तुमचं मूल असं वाळत असेल तर एकदा ताटाकडे बघा आणि चांगल्या डॉक्टरला विचारा. जे पूर्वी कळायला हवं होतं त्याचं काय करायचं, हे मात्र मला कुणाला सांगता येणार नाही. ते मला अजून समजलेलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी ईदच्या आधी मी ट्रंक उघडली. जुलेखाचा शेवटच्या ईदचा हिरवा झगा मी कुणाला दिला नव्हता. हमीदाला तो घालायचा होता, म्हणून घातला. हात बाहीतून मनगटाच्या बरेच पुढे आले. पाठीवरची बटणं लागेनात.

“अम्मा, हा लहान झाला,” ती म्हणाली.

थोरलीचा झगा धाकटीला लहान झाला होता. मी गुडघ्यांवर बसून तो उतरवला, तिच्या डोक्यावरून अगदी सावकाश. खुदाचे आभार मानू लागले, पण शब्द निघेनात. हमीदा उघड्या अंगाने माझ्यापुढे उभी होती. तिला थंडी वाजत होती आणि भूक लागली होती. मी तिला दुसरा झगा घातला आणि भात लावायला उठले.