खडकवासल्यापासून टेलपर्यंत, एकशे बारा पानं घेऊन

माझ्या बायकोने, मुग्धाने, तीन वर्षं खपून एक अहवाल लिहिला. धरणाचं पाणी शहराला किती, शेतीच्या कालव्याला किती, याचा. पानं एकशे बारा, शिवाय रंगीत नकाशे. तो घेऊन ती पाटबंधाऱ्याच्या जगताप साहेबांकडे गेली. साहेबांनी आदराने चाळला आणि विचारलं, "मॅडम, काम उत्तम आहे. पण मंगळवारी बैठक आहे. कालव्याचा दरवाजा आत्ता उचलायचा की मे महिन्यात, तेवढं यात कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं. शनिवारभर ती अहवाल उलटसुलट चाळत होती. संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या कालवा संपतो तिथपर्यंत जायचं. गाडी तू चालव." आठवडाभर हिंजवडीत कोड लिहिणाऱ्याला रविवारी दुसरं काय काम असणार!

तुम्हाला जायचं असेल तर कोथरूडहून सातच्या आत निघा. खडकवासल्याला तेव्हा भजीवाल्यांचं तेल नुकतं तापत असतं आणि गर्दी नसते. तिथून कालव्याच्या कडेकडेने शहर ओलांडायला मात्र धीर हवा. हडपसर सुटेपर्यंत आमचे नऊ वाजले. पुढे सोलापूर रस्ता झकास. यवतच्या अलीकडे मिसळ खाल्ली. पेट्रोल आणि दोन मिसळी, एवढाच आमचा खर्च.

यवत मागे टाकून बरंच पुढे गेल्यावर आत वळलो. कालव्याची शेवटची चारी, म्हणजे शेतात पाणी नेणारा छोटा पाट, जिथे संपते त्याला सगळे 'टेल' म्हणतात. चारी कोरडी होती, तिच्यात एक कुत्रं निवांत झोपलं होतं. शेजारीच सुमनताई नावाच्या शेतकरी बाईंचं शेत: तीन गाई आणि त्यांच्यासाठी लावलेला, कडेने पिवळा पडलेला घास. मुग्धाने वही काढली.

"ताई, हंगामाला पाणी किती लागतं तुम्हाला?"

"अवो, किती काय इचारताय? कवा ते इचारा की! मे मधी सोडणार म्हनत्यात. तवर ह्यो घास जळून जातुय. मग त्या पान्यात काय गाया धुवायच्या?"

"आणि आत्ता मिळालं तर?"

"आत्ता पान्याची एक पाळी गावली तर गाया ऱ्हातील. नाय तर बाजार दावायचा."

मुग्धाने वहीत 'कधी' असं लिहून खाली रेघ ओढली. 'किती' तिने गावोगाव विचारलं होतं, 'कधी' एकदाही नाही. मला हसू आलं होतं, पण परतीचा प्रवास तिच्याबरोबरच करायचा होता.

तेवढ्यात ताई माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडं नळाला कवा येतं?"

"सकाळ-संध्याकाळ."

"बरं हाय," एवढंच म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या. दाट दुधाचा चहा होता. गोठ्याकडे बघत प्यायलो आणि मला खरोखर लाज वाटली.

परतताना मुग्धाने अहवालाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तीन पर्याय लिहिले. प्रत्येकापुढे कोणाला काय मिळेल, कोणाचं काय जाईल आणि पाऊस लांबला तर काय. तिसरा तिने मोठ्याने वाचला: "कालव्याला आत्ता पाणी, कोथरूडला पंधरा दिवस संध्याकाळचं बंद."

"कोथरूडच कशाला? बिबवेवाडी घे ना," मी सुचवलं.

"आपली टाकी मोठी आहे. संशोधकाच्या नवऱ्याला सवलत नाही."

"पण मग यातला बरोबर कुठला?"

"ते त्यांनी ठरवायचं. कोणाच्या ताटातून काय जाणार, ते झाकून ठेवायचं नाही, एवढं माझं काम."

मंगळवारी जगताप साहेबांनी ते पान उभ्याउभ्याच वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि बैठकीत ठेवलं. बैठकीने तिसरा पर्याय घेतला. एकशे अकरा पानं अजून आमच्या कपाटात आहेत. आठवड्याने सुमनताईंचा फोन आला, "घासाला पानी लागलं." मुग्धा फोन ठेवून रडली. मीही थोडा.

राहता राहिली आमची कोथरूडची सोसायटी. मी सचिव, त्यामुळे सूचना मीच लावली. तिसऱ्या मजल्यावरचे परांजपे काका ती वाचून म्हणाले, "अहो, पाणी बंद हे कळलं. ते गेलं कुठे, ते लिहायचे कष्ट कोण घेणार?"

मी खाली एक ओळ वाढवली: 'पाणी कुठे गेले हे पाहायचे असल्यास रविवारी सकाळी सातला सचिवांच्या गाडीपाशी यावे. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही.'

रविवारी पावणेसातला खाली उतरलो. काका टोपी घालून गाडीपाशी उभे होते. हातात पाण्याची बाटली, अर्धीच भरलेली.