कापलेली कड

कपाशीवर फवारणी करताना माणसं मरत होती, त्या वर्षांत मी दारव्ह्याच्या एका फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसत असे. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. फोटो खोटं बोलत नाही, असं एका पत्रकात मीच ठणकावून लिहिलं होतं. आणि पोटासाठी मी फोटो सरळ करत होते. मोबाइलच्या रुंद लेन्सने कडेला उभा माणूस ताणला जातो. डोकं लांबट, जबडा तिरपा. तो ओढून जागेवर आणला की फोटोच्याच कडा वाकतात. मग त्या छाटायच्या. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "बसा, आमची मास्तरीण तुमच्या सासऱ्यालेही सरळ करते."

बोरी अरबकडची एक बाई आली. नवरा मजुरीने फवारायला गेला आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात वारला. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं गेलं, स्वतःहून विष प्यायला. तिला ते सरकारी कचेरीतल्या साहेबांकडून खोडून हवं होतं. सोबतचा मजूर शेतमालकाला भिऊन बोलत नव्हता. पण फवारणीच्या सकाळी त्यानेच नवऱ्याच्या मोबाइलवर काढलेला एक फोटो होता. कपाशीत, अगदी कडेला, नवरा उभा.

"तोंड वाकडं दिसते, माय. साहेब म्हनतीन, दारू पिऊन होता. तेवढं सरळ कर."

मी तासभर त्या चेहऱ्यात बुडाले. छापून हातात दिला तेव्हा तिने फोटोतल्या गालावर बोट ठेवलं. हेच होते, म्हणाली. मोबाइलची मेमरी भरलेली होती. अशा वेळी फोटो कॉम्प्युटरवर घेऊन मोबाइलमधून पुसायचा, ही आमची रीत. तसा घेतला, आणि दुरुस्त केलेला त्याच नावाने मूळ फोटोवरच साठवला.

आठवड्याने ती परत आली. साहेबांनी विचारलं होतं, यात फवारणी कुठे आहे? नवऱ्याच्या पायाशी पंप होता, शेजारी औषधाचा डबा. दोन्ही त्या छाटलेल्या कडेत गेले होते. चेहरा पाहताना मी पाय पाहिलेच नव्हते. मूळ फोटो आता कुठेच उरला नव्हता.

मी लेखी जबाब घेऊन तिच्यासोबत गेले. लेन्स कशी ताणते, कडा का कापाव्या लागतात, सगळं तावातावाने सांगितलं. साहेबांनी शांतपणे वाचलं.

"म्हणजे फोटोत फेरफार झालाय, हे तुम्हीच लिहून देताय."

माझा कागद फाइलीत लागला.

महिन्याने ती निकाल घेऊन स्टुडिओत आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचला. इसम शेतात उभा दिसतो, फवारणी दिसत नाही, आधीची नोंद कायम. तिने पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना दारात गिऱ्हाइकं आली, म्हणून मी आवाज उतरवला.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "यायले बी आयकू दे."

मी मोठ्याने वाचलं.