बायडाबाईंच्या पायाची पट्टी

सुवार्ताबाई उबाळे चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. बाई निवृत्त झाल्या, हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या इमारतीत कुणाचं इंजेक्शन, कुणाचं बीपी, कुणाची जखम, सगळं बाईंकडे. एक सवय मात्र होती. पट्टीला शेवटची गाठ मारली की रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवायचा, मनातल्या मनात प्रार्थना करायची आणि ‘आमेन’ तेवढं मोठ्याने म्हणायचं. वॉर्डात कधी कुणी हरकत घेतली नव्हती. दुखणाऱ्याला डोक्यावर हात हवाच असतो.

या सवयीने घात केला तो यंदाच्या गणपतीत.

तळमजल्यावरच्या बायडाबाईंना साखरेचा आजार. मे महिन्यात उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं, तेव्हापासून रोज सकाळी नऊला सुवार्ताबाई त्यांचं ड्रेसिंग करत. इमारत बायडाबाईंच्याच शेतावर उभी राहिलेली. मुलगा हिंमतराव सोसायटीचा चेअरमन. त्यांच्या घरच्या आरतीला पन्नास माणसं. पहिल्याच दिवशी आरती संपली, सगळ्यांनी ‘मोरया’ म्हटलं, क्षणभर शांतता झाली आणि त्या शांततेत बायडाबाईंनी डोळे मिटून, हात जोडून खणखणीत ‘आमेन’ म्हटलं. चार महिने रोज ऐकून तोंडात बसलेलं, दुसरं काही नाही. पोरं फिसकन हसली. हिंमतरावांचा चेहरा उतरला आणि त्यांच्या मुलाचा, समर्थचा, पारा चढला.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर समर्थचा मेसेज आला. सेवेच्या नावाखाली आपल्या बिल्डिंगमध्ये काय चाललंय त्यावर लक्ष ठेवा, नाव घ्यायची गरज नाही. खाली अंगठ्यांची रांग लागली. सुवार्ताबाईंनी मोजले, अठरा. त्यातल्या सहा जणांना त्यांनी स्वतः इंजेक्शनं दिली होती.

ड्रेसिंग बंद झालं. जिन्यात माणसं नमस्काराऐवजी मोबाईल बघू लागली. बुधवारी बाईंच्या घरी चर्चमधल्या बायकांची प्रार्थना असे. त्या बुधवारी एकीचे गुडघे दुखले, दुसरीकडे पाहुणे आले, तिसरीने फोनच उचलला नाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, “बाई, थोडे दिवस जपून.” घरी शांतवनराव, म्हणजे बाईंचे यजमान, नावातच काय ती शांती. त्यांनी दारावरचा लाकडी क्रूस पुसायला म्हणून उतरवला आणि दोन दिवस झाले तरी ते तो पुसतच होते.

सुवार्ताबाईंना झोप नव्हती. कुणी धर्मांतराची तक्रार केली, पोलीस आले तर? घर सोडावं लागलं तर? या वयात जायचं कुठे? आणि या सगळ्या भीतीच्या तळाशी एकच गोष्ट सलत होती. ड्रेसिंगशिवाय तिसरा दिवस, दमट हवा, साखरेचा पाय. असे पाय त्यांनी काळे पडताना पाहिले होते.

चौथ्या दिवशी सकाळी समर्थच्या आईचा, तनुजाचा, फोन आला. आवाज दबका. “काकू, वास यायला लागलाय हो. समर्थनं क्लिनिकमधला एक मुलगा आणला होता, तर आईंनी दुसऱ्या पायानं लाथ मारली त्याला. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, तिथं बोट ठेवून आले, आता पाय नाही ठेवायची.”

“जा,” शांतवनराव म्हणाले. “मी चौकीत डबा घेऊन येतो.” पण बोलता बोलता त्यांनी क्रूस परत पुसायला घेतला.

“अहो, मलाही भीती वाटते,” बाई म्हणाल्या. “पण पाय गेला तर मी रविवारी कुठल्या तोंडाने प्रार्थनेला उभी राहू?” आणि त्यांनी पिशवी उचलली.

दारात समर्थ. हातात मोबाईल, रेकॉर्डिंग चालू. लहानपणी या पोराला इंजेक्शन द्यायचं म्हणजे तिघांनी धरावं लागे, ते बाईंना उगाच आठवलं.

“ड्रेसिंग करा. पण एक शब्द नाही. क्लिअर?”

“नाही बोलणार,” बाईंनी शब्द दिला.

पाटावरच्या गणपतीसमोरून बाई मागच्या खोलीत गेल्या. बायडाबाई कॉटवर होत्या. “आलीस व्हय? मला वाटलं, भ्यालीस.” सुवार्ताबाईंनी पट्टी सोडली. जखमेची कड पिवळी पडली होती, काळी नव्हती अजून. अजून! पण टाच उचलून धरायला कुणीतरी हवं होतं, आणि हे खुणेने कसं सांगायचं? बाईंनी समर्थकडे पाहिलं, मग टाचेकडे.

समर्थने मोबाईल खिशात टाकला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी टाच धरली. चार महिन्यांत त्याने तो पाय पहिल्यांदाच जवळून पाहिला. चेहरा पांढराफटक झाला, मान आपोआप खाली गेली.

सुवार्ताबाईंनी जखम धुतली, औषध लावलं, पट्टी गुंडाळली. तोंड घट्ट मिटलेलं. शेवटची गाठ बसली. पण शब्द तोंडाने दिला होता, हाताला कुणी बजावलंच नव्हतं. चौतीस वर्षांच्या सवयीने हात उठला आणि समोरच्या डोक्यावर टेकला. ते डोकं वाकलेल्या समर्थचं होतं.

बाईंना हात काढायचंही सुचेना. आता हा ओरडणार, आता मोबाईल काढणार. आणि तरी, इतकी भीती असूनही, मनातल्या मनात प्रार्थना सुरू झालीच होती, त्याच्याच नावाने.

समर्थ हलला नाही. मान खालीच होती.

“आमेन,” कॉटवरून बायडाबाई म्हणाल्या.

“आज्जी, गप ना,” समर्थ म्हणाला. मग उठला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “उद्या पण नऊलाच का?”

जिना चढताना बाईंनी मोबाईल पाहिला. ग्रुपवरचा मेसेज तसाच होता, त्याखाली दोन अंगठे वाढले होते. घरात शांतवनराव क्रूस मांडीवर घेऊन बसले होते.

“झाला पुसून?”

“थोडा राहिलाय.”

“द्या इकडे,” म्हणत बाईंनी तो घेतला, दार सताड उघडलं आणि खिळ्याला अडकवला. हात अजून कापत होता, त्यामुळे तो जरा वाकडाच बसला.