बाहीचा डेरा

आमच्या गल्लीत आत्याबाईंच्या मागच्या पडवीत एक मोठा मातीचा डेरा होता. त्याच्या तोंडावर जाड कापड ताणून बांधलेलं असे आणि कापडाच्या मधोमध एका जुन्या अंगरख्याची बाही शिवलेली. पाहुणी बाई आली की हमखास विचारायची, "हे काय गं? डेऱ्याला हात फुटलाय का?"

आत्याबाई आमच्यापैकी कोणाचीच आत्या नव्हत्या. त्या एका तांबटाच्या विधवा. मुलगा घरातच भट्टी चालवायचा, त्यामुळे दिवसभर त्यांच्याकडे तांब्यावर हातोडे पडत असायचे आणि आत्याबाई त्या आवाजाच्या वरताण बोलायच्या. त्यांना हळू बोलताना मी कधी ऐकलं नाही. मला मात्र मोठ्यानं बोलायला पहिल्यापासून जड जातं. लहानपणी वडिलांनी पंतोजींना लाकडी पाट्या करून दिल्या, त्याच्या बदल्यात मला ओसरीच्या पायरीवर बसून चार पावसाळे अक्षरं गिरवायला मिळाली. जे तोंडानं निघत नाही ते मी घरच्यांच्या सुतारकामाच्या जुन्या नकाशांच्या पाठीवर लिहून ठेवते. हेही तसंच लिहिते आहे.

तर तो डेरा. गल्लीतल्या आम्ही वीसेक बायका, कोणी सुताराची, कोणी शिंप्याची, कोणी कासाराची. रोज दळायला बसताना प्रत्येकीनं एक मूठ जोंधळा बाजूला टाकायचा आणि शुक्रवारी दुपारी तो पिशवीत घालून पडवीत न्यायचा. पदराआड पिशवी धरून हात बाहीतून आत घालायचा. ज्या घरी ठीक चाललं असेल तिनं पिशवी आत रिकामी करायची. ज्या घरी आजारपण, बाळंतपण किंवा काम बंद, तिनं रिकामी नेलेली पिशवी भरून घ्यायची. हात पदराआड आत जातो, पदराआड बाहेर येतो. कोणी दिलं, कोणी घेतलं, कोणाला कळत नाही. पूर्वी डेरा उघडाच असे. तेव्हा एका बाईनं दोनदा धान्य घेतलं आणि पाणवठ्यावर तिच्या नावानं इतकं बोलणं झालं की तिनं येणंच सोडलं. मग आत्याबाईंनी नवऱ्याच्या अंगरख्याची बाही कापून तिथे शिवली.

"घाला गं घाला, लाजू नका. माझ्या दादल्याची बाही आहे, त्यानं जिवंतपणी कोणाचा हात धरला नाही," असं त्या दर शुक्रवारी म्हणायच्या. पहिला हात नेहमी त्यांचा. त्यांची पिशवी आत गेल्याशिवाय आमची जात नसे.

एका साली पाऊस नीट झाला नाही आणि जोंधळा महागला. त्याच साली आमच्या घरच्यांचा पाय मोडला. एका सरदाराच्या नव्या घराचे सुरूच्या झाडासारखे नक्षीचे खांब करायचं काम त्यांच्याकडे होतं. खांब उभा करताना दोर सुटला आणि हे परांचीवरून खाली आले. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दोन महिने पाय जमिनीला लावू नका म्हणून सांगितलं.

घरातली कणगी तळाला लागली तेव्हा हे म्हणाले, "अगं, शुक्रवारी पिशवी भरून आण. इतकी वर्षं घालतेस ना?"

"आणते," मी म्हटलं.

शुक्रवारी गेले. रिकामी पिशवी पदराखाली धरली, पण ती अगदी चपटी दिसत होती. माझ्या मागे शेजारची शिंपीण उभी होती. तिची नजर म्हणजे सुई, जाड कापडातूनही पार जाते. मला वाटलं, हिला कळलं. बाहीत हात घातला, दाण्यांना बोटं लागली, तोच ती मागून म्हणाली, "काय गं, हात अडकला का?" मी तसाच हात काढून घेतला. घरी आले ती चपटी पिशवी घेऊन.

पुढच्या शुक्रवारी मी एक युक्ती केली. चुलीसाठी साठवलेला लाकडाचा भुसा पिशवीत भरला. जाताना पिशवी फुगलेली दिसेल, आत भुसा काढायचा, दाणे भरायचे, येताना पुन्हा फुगलेली. पण एका हातानं, तेही न बघता, पिशवी उलटी करायची, झटकायची आणि परत भरायची, हे काम मला साधलं नाही. भुसा तेवढा डेऱ्यात पडला आणि मी घाबरून हात ओढला. तिसऱ्या शुक्रवारीही तेच.

ऐकून हे इतके हसले की कामट्या हलल्या. "अगं, मी खांबावर वेली काढतो, तुला एक पिशवी उलटी करता येईना?" मग हसणं थांबवून म्हणाले, "आता जेमतेम आठवड्याचा दाणा उरलाय. नदीकडच्या सावकाराच्या सदावर्तावर शिधा मिळतो. जाशील?"

त्या सदावर्तावर मी एकदा दुसऱ्या बाईसोबत गेले होते. दारात कारकून बसतो आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारतो, "नवरा आहे? मग कमवत का नाही? दारू पितो? हात दाखव." हाताला घट्टे नसले तर आळशी म्हणतो आणि असले तर काम करायला काय झालं म्हणतो. मागे लोक उभे असतात आणि ऐकत असतात. तिथे मला उभं राहायचं नव्हतं. एक शुक्रवार मधे होता. मी ठरवलं, या वेळी काहीही होवो, पिशवी भरूनच आणायची. नाहीतर शनिवारी सदावर्त.

त्या शुक्रवारी पडवीत पोचले तर आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"बायांनो, तुमचं भाग्य उजळलं वाटतं," त्या म्हणाल्या. "सगळं गाव महागाईनं रडतंय आणि आपला डेरा तोंडापर्यंत आलाय. बाहीत हात मनगटापलीकडे जात नाही. म्हणजे कोणाच्याच घरी कमी नाही. उगाच ठेवून काय करायचं? उद्या सगळा डेरा सावकाराच्या सदावर्तावर पाठवते. तिथे तरी भुकेली माणसं येतात."

एकीनं मान हलवली. "बरोबर आहे," असंही कोणीतरी म्हणालं. आणि मला एकदम डोळ्यांपुढे दिसलं. मी त्या कारकुनापुढे हात पसरून उभी आहे आणि तो आमच्याच डेऱ्यातला जोंधळा मला मापून देतोय.

"मग उद्या मला तिथेच यावं लागेल, आत्या," मी म्हणाले.

माझा आवाज माझ्याच कानाला अनोळखी वाटला. आतल्या भट्टीवरचे हातोडे त्या वेळी वाजत नव्हते, त्यामुळे तो सगळ्यांना नीट ऐकू गेला. आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुझ्या घरी नाही?"

"सकाळी संपलं."

"मग तीन आठवडे बाहीत काय चाळे करत होतीस?" असं म्हणत त्यांनी डेऱ्याची दोरी सोडली आणि कापड बाहीसकट उचललं. "ये इकडे, दोन्ही हातांनी घे."

आम्ही सगळ्या वाकून बघायला लागलो. वर जोंधळा नव्हताच. वर होता लाकडाचा भुसा. तो कोणाचा ते सांगायची गरज नव्हती, गल्लीत सुताराचं घर आमचं एकच. मी मान खाली घातली. आत्याबाईंनी भुशात हात घातला तर खाली कापडाचे कपटे निघाले, लाल, हिरवे, काठाचे.

"हे शिंप्याकडचे," आत्याबाई म्हणाल्या. शिंपीण, जिची नजर सुई, ती पडवीचा खांब बघायला लागली.

"मला वाटलं, चपटी पिशवी दिसली तर…" ती पुटपुटली.

"आणि या फुटक्या बांगड्या? कासारणी, हात कापला असता गं कोणाचा!" कासारीण आधी लाजली, मग फिसकन हसली. मग कोंडा निघाला, सुकी पानं निघाली. आत्याबाई एकेक वर काढायच्या आणि घर सांगायच्या. "आता कुंभारीण तेवढी नाही आपल्यात, नाहीतर मातीही निघाली असती."

तेवढ्यात शिंपिणीनं वाकून दोन काळे खडे उचलले.

"आत्या, हे कोळसे कोणाचे?"

आत्याबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांना ऐकू न येण्यासारखं त्या वेळी काही नव्हतं, हातोडे अजून बंदच होते. सकाळपासून बंद होते हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

"तांबं मिळत नाही," शेवटी त्या म्हणाल्या, आणि खरंच सांगते, हळू आवाजात म्हणाल्या. "महिना झाला, पोरगा जुनीच भांडी ठोकत बसायचा, लोकांना आवाज यावा म्हणून. आज तेही बंद. पहिला हात माझा असतो ना दर शुक्रवारी. मीच रिकामी पिशवी नेली तर तुम्ही काय घालाल?"

मग शिंपीण म्हणाली, "म्हणजे वीस घरं उपाशी, आणि वीसही जणी दानशूर!" त्यावर जो हशा उठला, तो नदीपर्यंत गेला असेल. आत्याबाई डोळे पुसत हसत होत्या.

कचऱ्याचा तो थर काढल्यावर खाली अर्धा डेरा चांगला जोंधळा होता. इतके दिवस कोणी हातच लावला नव्हता. आम्ही अंगणात सुपं घेऊन बसलो. पाखडताना भुसा उडून शिंपिणीच्या केसांत बसला तर ती म्हणे, "सुतारणीनं मला म्हातारी केली." सगळ्यांच्या पिशव्या उघड्यावर भरल्या. पहिली आत्याबाईंची, त्या नको नको म्हणत असताना.

बाही त्यांनी परत शिवली, पण नियम बदलला. आता शुक्रवारी आधी प्रत्येकीनं डेऱ्यातून एक मूठ काढायचीच, घरी कणगी भरलेली असो वा नसो. मग घालायचं ते घाला, न घालायचं ते घालू नका. काढताना लाजायला कोणी उरलंच नाही.

सदावर्ताच्या कारकुनानं माझे हात काही पाहिले नाहीत. त्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापल्या तेव्हा यांच्या पहिल्याच घासात लाकडाची एक बारीक कपची आली. तोंडातून काढून त्यांनी ती दिव्याजवळ धरली आणि बारकाईनं बघत म्हणाले, "सागवान आहे. माझ्याच हातचं."

आणि गल्लीत मात्र तेव्हापासून माझं नाव तोंडाळ पडलं. मी आजही दिवसाकाठी चार वाक्यं बोलत असेन नसेन. पण पाणवठ्यावर गेले की आत्याबाई लांबून ओरडतात, "सरका गं, बोलकी आली!"