झाकणमावशी

दुसऱ्याच्या घरात शिरली की झाकणमावशी आधी धान्याच्या डब्याचं झाकण उघडायची. रामराम नाही, पाणी नाही. सांगलीत आमच्या गल्लीत ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा मी शाळेच्या वह्या तपासत होते. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, डब्यात डोकावली आणि म्हणाली, "तुमचं झ्याक हाय. आता माझ्यासंगं चला, रेशनचा अर्ज लिवायला माणूस पायजे." मला राग आला होता. तरी मी मुकाट्यानं चपला का घातल्या, ते आजवर कळलेलं नाही.

ती मूळची म्हसवडकडची, इथं गोदामात हळद निवडायला जायची. "सरळ विचारावं ना, असं लोकांच्या डब्यात काय डोकावायचं?" असं मी एकदा तिला सुनावलं. ती म्हणाली, "आवं बाई, जेवला का इचारलं की समदी व्हय म्हणत्यात. डबा खोटं बोलत न्हाई. फकस्त सांगून जायाचं न्हाई. सांगून गेलं की शेजारणीकडनं आणून भरत्यात."

रिकाम्या डब्यांच्या मागावर फिरत तिनं पाच-पाच घरांचे गट बांधले. रेशन दुकानात पाचही जणींनी मिळून जायचं. मशीनवर एकीचा अंगठा उठला नाही, तर बाकीच्या चौघींनी धान्य घ्यायचं नाही आणि रांगेतूनही हटायचं नाही. मागचे लोक शिव्या घालायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मावशी रिकाम्या पिशवीवर बसून राहायची. शेवटी दुकानदार वैतागून कचेरीत फोन लावायचा आणि पाचवीचे गहू तागडीत पडायचे.

तिचं स्वतःचं रेशन कुठं होतं? "माझं म्हसवडला हाय, भाऊ धाडतोय," म्हणायची. मी रोज विचारायचे, "मावशी, जेवलात का?" ती "व्हय" म्हणायची आणि मी पुढचा अर्ज लिहायला घ्यायचे. शिकलेल्या बाईनं इतकं खुळं असावं का?

गेल्या उन्हाळ्यात ती रांगेतच कोसळली. आम्ही तिला खोलीवर नेलं. चहासाठी साखर शोधताना मी तिच्या डब्याचं झाकण उघडलं. तळाला ओंजळभर तांदूळ होते. मग कळलं, हळद निवडून तिच्या बोटांच्या रेषाच गेल्या होत्या, आणि अंगठा उठत नाही म्हणून म्हसवडच्या कार्डावरचं तिचं नाव कधीच कमी झालं होतं.

"मावशी, सांगितलं का नाहीत?" मला रडू आवरेना.

"कुणी झाकण उघडलंच न्हाई," ती म्हणाली. ती हसत होती की रागावली होती, मला समजलं नाही. ती वाट बघत होती का? की तिला पुरतं ओळखलं असं आम्हीच धरून बसलो होतो?

भाऊ तिला म्हसवडला घेऊन गेला. मी तिचा अर्ज लिहून धाडला. फोनवर विचारलं, "नाव लागलं का?" तर म्हणाली, "व्हय." जेवलात का? "व्हय." दिवाळीनंतर मात्र मला राहवेना. असं अचानक कुणाच्या दारात कसं जायचं, म्हणून आदल्या दिवशी फोन केला आणि गेले.

घरात पाऊल टाकलं ते थेट डब्याकडेच. झाकण उघडलं. काठोकाठ ज्वारी. मावशी दारातून बघत होती.

"झालं समाधान?"

"झालं," मी म्हटलं. खरंच झालं होतं. परतीची एसटी विट्याच्या पुढं आली तेव्हा आठवलं, मी सांगून गेले होते.