सायकलजी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी जन्मभर हसत आलोय. मानसशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे कुणाच्या अंगात आलं म्हटलं की माझं उत्तर तयार असायचं. पण ही एक गोष्ट...

महायुद्धाचे दिवस. मी सांगलीला कॉलेजात सायकॉलॉजी घेऊन बी.ए. करत होतो. कोरेगावकडच्या आमच्या गावात समजूत झाली, की पोरगं सायकली दुरुस्त करायला शिकतंय! सुट्टीत गेलो की लोक पंक्चर घेऊन यायचे. माझा जिवलग दगडू तर मला 'सायकलजी'च म्हणायचा. भाड्याच्या सायकलवर तो पुढे, मी कायम डबलसीट. काय दिवस होते ते!

दगडू पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे गेला आणि तार आली — बेपत्ता. भावकी म्हणायला लागली, तो गेलाच, आता दिवस घाला. त्याची आई, सोनाकाकी, बोलायचीच थांबली. जेवणही सुटलं.

दिवाळीच्या सुट्टीत भर दुपारी मी तिच्याजवळ बसलो. ती शेंगा फोडत होती. आमच्या सरांनी एक प्रयोग शिकवला होता — आपण शब्द द्यायचा, समोरच्यानं मनात येईल ते बोलायचं. मन मोकळं होतं म्हणे.

"काकी... घर." ती शेंगा फोडत राहिली. "विहीर." आणखी एक शेंग. मी हात टेकले. उगाच म्हटलं, "सायकल."

काकीचे हात थांबले. "उजवा पाय ऱ्हायला न्हाई गड्या. आता तू चालव, मी डबलसीट."

आवाज तिचाच, पण आमच्याकडे बायका कुणाला 'गड्या' म्हणत नाहीत. क्षणात ती भानावर आली, बोललेलं काही आठवेना. तिचेच शब्द मी तिला सांगितले तशी उठली, चूल पेटवली. भावकीला म्हणाली, "माझा दगडू हाय. दिवस घालायचं न्हाईत." मी मात्र घाबरलो होतो. आशा खोटी ठरली तर?

युद्ध संपल्यावर दगडू आला. कुबडीवर. उजवा पाय गुडघ्यापासून नव्हता. साताऱ्याच्या स्टँडवर मला मिठी मारून पहिलं काय बोलला?

"सायकलजी, तापात पडलो हुतो तवा घर, विहीर, सायकल असलं काय इचारत हुतास रं?"

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "परीक्षेत लिहू नका."

पुढे जन्मभर सायकल मी चालवली, तो मागे बसून शिव्या घालायचा. गेल्या वर्षी दगडू गेला. हल्ली दुपारी एकटाच असलो, की मी हळूच म्हणतो, "सायकल..." आणि थांबतो.