एक जूनचे दोन सर

आमच्या हायस्कूलच्या भूगोलाच्या सरांइतका अचूक माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत झाला नाही, आणि आपल्या अचूकपणाचा इतका कमी फायदा करून घेतलेला माणूसही झाला नाही. नातवंडांनो, मागच्या रविवारी फोनवर मी तुम्हाला म्हणाले होते, की शाळेच्या आठवणी एकेक करून लिहून पाठवीन. क्रमाने जायचं तर मुख्याध्यापकांपासून सुरुवात करायला हवी. पण भूगोलाचे सर मुख्याध्यापक झाले नाहीत, ते का झाले नाहीत हे सांगू शकणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, आणि मीही काही तरुण होत चाललेली नाही. म्हणून क्रम मोडते.

सरांच्या बोलण्यात डावं-उजवं, मागं-पुढं हे शब्दच नव्हते. चार दिशा आणि चार उपदिशा एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. मी तिथे इंग्रजी शिकवायचे. स्टाफरूममध्ये ते शांतपणे म्हणायचे, "बाई, तुमच्या ईशान्येला खडूची पेटी आहे, तेवढी सरकवता का?" पहिलं वर्ष मी पेटी शोधत टेबलाला प्रदक्षिणा घातल्या, दुसऱ्या वर्षापासून न बघता हात घालू लागले. एकदा दौंडच्या गाडीत कंडक्टर उभ्या माणसांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत होता. सर हललेच नाहीत. "पुढं म्हणजे नक्की कुठं?" त्यांनी विचारलं. "आत्ता पुढं म्हणजे दक्षिण. वळण घेतलं की पूर्व." कंडक्टर आमच्याच भागातला होता. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही कुठंबी सरका, पन सरका. मागं बाई पोर घिऊन उभी हाय." लग्नाच्या पंगतीत तर सर मोठ्याने पुकारायचे, "वायव्येच्या कोपऱ्यात भात पोचलेला नाही." बाहेरगावचे वाढपी गोंधळून यजमानाकडे बघायचे, आणि यजमान सरांचा विद्यार्थी असल्यामुळे भाताचं पातेलं उचलून बरोबर वायव्येला धावायचा.

शाळेच्या आवारात त्यांनी स्वतः बसवलेलं पर्जन्यमापक होतं, म्हणजे एक नरसाळं आणि खाली मापाची बाटली. रोज सकाळी बाटली बघायची आणि फाटकाजवळच्या फळ्यावर आकडा लिहायचा हा त्यांचा नेम. आपला भाग कोरडा, त्यामुळे वर्षातले बहुतेक दिवस तो आकडा शून्य असायचा. पण ते शून्यसुद्धा सर चष्मा पुसून, बाटली डोळ्यांसमोर धरून, पूर्ण खात्री झाल्यावरच लिहायचे. संस्थेच्या चेअरमनना सगळं गाव आबा म्हणायचं. आबांच्या डोळ्यात तो फळा खुपायचा. एक दिवस ते फाटकापाशीच थांबले.

"सर, येनाऱ्या-जानाऱ्याला पयलं काय दिसतं? शाळंचं नाव न्हाई, शून्य दिसतं. सोयरीक घिऊन आलेली मानसं त्यो फळा वाचून माघारी जात्यात."

"मग काय लिहू, आबा?"

"चार-दोन मिलिमीटर लिवा की. कुनाचं काय जातंय?"

"ढगांचा ठराव आणा," सर म्हणाले, "लगेच लिहितो."

आबा हसले, पण हे बोलणं त्यांनी मनात जपून ठेवलं. संस्थेच्या राजकारणात माणसं अपमान विसरत नाहीत, फक्त योग्य मीटिंगची वाट बघतात.

इतर शाळांच्या सहली किल्ल्यावर नाहीतर बागेत जायच्या. सर मुलांना इनामगावला न्यायचे. तिथे घोड नदीच्या काठी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची वस्ती सापडली होती. ती कधीच खणून, अभ्यासून, पुन्हा बुजवून झाली होती, त्यामुळे आमची मुलं पोचायची तेव्हा समोर माळ आणि बाभळी. सर सगळ्यांना चपला काढायला लावायचे. "इथे कुणाची तरी चूल होती. लोकांच्या स्वयंपाकघरात चपला घालून जाता का?" एका मुलीने धीर करून म्हटलं, "सर, पन हितं दिसत तर कायबी न्हाई." सर म्हणाले, "दिसत नाही म्हणून तर आणलंय. जे दिसतं ते बघायला मास्तर कशाला लागतो?" मग मुलं पायातले काटे काढत त्या अदृश्य चुलीभोवती गोल बसून डबे खायची. तीच मुलं आता कारखान्यांत सुपरवायझर झाली आहेत. भेटली की किल्ल्याचं नाव काढत नाहीत, त्या चुलीबद्दल बोलतात.

तर अशा या माणसाला आयुष्यात एकदा मुख्याध्यापक व्हायचं होतं, आणि त्याचं कारणही त्यांच्यासारखंच होतं. आमच्या शाळेची प्रार्थना पूर्वेकडे तोंड करून व्हायची. सकाळचं ऊन थेट डोळ्यांत यायचं. पाहुण्यांना वाटायचं, केवढी ही भक्ती, सगळी मुलं डोळे मिटून उभी आहेत. सर दर वर्षी अर्ज द्यायचे, की प्रार्थना उत्तरेकडे तोंड करून घ्यावी. दर वर्षी उत्तर यायचं, की ही बाब मुख्याध्यापकांच्या अधिकारातली आहे, आणि मुख्याध्यापक म्हणायचे, पूर्व शुभ असते. "बाई, मला त्या खुर्चीत बसून एकच सही करायची आहे," सर मला म्हणायचे. "एक वर्ष मिळालं तरी पुरे."

ती वेळ आली. मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि ज्येष्ठता यादी बाहेर निघाली. यादीत सगळ्यांत वर दोन नावं होती, भूगोलाच्या सरांचं आणि गणिताच्या सरांचं. दोघे एकाच वस्तीवर वाढलेले, एकाच टेबलावर डबे उघडणारे, एकाच दिवशी शाळेत रुजू झालेले. अशा वेळी वयाने मोठा तो ज्येष्ठ, असा नियम. आणि इथेच गाडं अडलं.

तुम्हाला तिकडे हे खरं वाटणार नाही, पण इकडे माझ्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. बाळंतपण घरी झालेलं, तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. पोराला शाळेत आणलं की गुरुजी त्याचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागतो का ते बघायचे, लागला की वय झालं असं धरायचे, आणि दाखल करायला सोयीची म्हणून एक जून ही तारीख ठोकून द्यायचे. वस्तीवरच्या गुरुजींनी या दोघांचे हात एकाच सकाळी कानाला लावले आणि एकाच शाईने एकच तारीख, एकच साल लिहिलं. इतक्या वर्षांनी ती शाई आमच्या संस्थेला भोवली.

गाव दोन पॅनलमध्ये आधीच वाटलेलं होतं, त्याला हे चांगलं निमित्त मिळालं. आबांचं पॅनल गणिताच्या सरांच्या मागे उभं राहिलं, कारण गणिताच्या सरांनी फाटकावर कधी काही लिहिलं नव्हतं. विरोधी पॅनलचे आप्पा भूगोलाच्या सरांच्या मागे उभे राहिले, कारण आबा दुसरीकडे होते. भूगोल आणि गणित यांच्याशी कुणाचाच संबंध नव्हता. वर कागद पाठवला, तो "नियमानुसार कार्यवाही करावी" असा शेरा घेऊन परत आला. स्टाफरूममध्ये शिक्षक दोन बाकांवर बसू लागले, आणि एक दिवस मी पाहिलं, गणिताच्या सरांचा डबा खिडकीपाशी एकटाच उघडला होता. भूगोलाचे सर आपल्या डब्याचं झाकण हातात धरून बराच वेळ तिकडे बघत होते. त्या खिडकीची दिशा मात्र त्यांनी सांगितली नाही.

शेवटी गणिताचे सरच मीटिंगमध्ये उठून म्हणाले, "काकू सांगेल ते मला मान्य आहे." काकू म्हणजे भूगोलाच्या सरांची आई. गणिताचे सर पाळण्यात असतानाच त्यांची आई गेली होती. काकूने दोघांना एकत्र वाढवलं होतं. दोघांचा जन्म पाहिलेलं दुसरं कुणी जिवंत नव्हतं. आबा वैतागले. "आता आय लेकाच्या इरोधात सांगंल व्हय?" पण त्यांच्याच उमेदवाराने शब्द दिला होता.

दोन पॅनलच्या दोन जीप वस्तीवर गेल्या. प्रोसिडिंग बुक घेऊन मीही गेले, कारण इंग्रजीच्या बाई कुणाच्याच बाजूच्या नसतात असा गावाचा समज होता. म्हातारी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. एवढी माणसं बघूनही तिचे हात थांबले नाहीत.

"आजी, ह्या दोघांत मोठं कोन?" आबांनी विचारलं.

"कशापायी?"

"मोठा असंल त्यो हेडमास्तर हुनार."

म्हातारीने दोघांकडे पाहिलं. गणिताचे सर हात जोडून उभे होते. भूगोलाचे सर शेंगांच्या टरफलांकडे बघत होते. तिने आणखी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, आणि गणिताच्या सरांकडे बोट केलं.

"ह्यो. आठ दिस आधी. आमचा मागनं."

आबांना आनंद कसा करावा हेच सुचेना. आप्पा पुढे झाले. "आजी, नीट आठवा. घाई न्हाई."

"बाळंत मी झाले का तू?" म्हातारी म्हणाली, आणि विषय संपला.

मी नोंद लिहिली. तिचा अंगठा घ्यायचा होता म्हणून मी मागे राहिले. बाकीचे जीपकडे गेले. पदराने अंगठ्याची शाई पुसत ती हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही शिकल्याल्या. खोटं लिवलं तर पाप कुनाला, लिवनाऱ्याला का सांगनाऱ्याला?"

"म्हणजे?"

"थोरला आमचाच हाय. आठ दिसांनी. पर त्याच्या मागं मी हाय. ह्या बिनआयीच्या मागं कोन हाय? जलमभर सगळं ह्याला दुसरं मिळालं. दूधबी आमच्याचं झाल्यावर. एवढं एक पयलं मिळू द्या."

मुलांनो, एका स्वल्पविरामासाठी अर्धा गुण कापणारी तुमची आजी. त्या दिवशी मी शाई वाळेपर्यंत थांबले आणि वही मिटली.

बाहेर भूगोलाचे सर माझी वाट बघत होते. एसटीच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा वाचणारा हा माणूस. त्यांनी माझ्या हातून वही घेतली आणि न वाचता सही केली. मी म्हटलं, "सर, एकदा वाचून घ्या." ते म्हणाले, "आईनं सांगितलं ते लिहिलंत ना, बाई? मग झालं." कोण कुणापेक्षा आठ दिवसांनी मोठा, हे त्या घरात त्यांनी लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं असणार. आयुष्यात एकच चूक त्यांनी समजून-उमजून नोंदू दिली, आणि ती स्वतःच्या नुकसानीची.

गणिताच्या सरांनी मुख्याध्यापक झाल्यावर पहिली सही प्रार्थनेच्या हुकमावर केली. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली. आबा विचारायला आले, "पूर्वेचं काय वाईट हुतं?" गणिताचे सर म्हणाले, "पोरांच्या डोळ्यांत ऊन येतं, आबा. भूगोलाच्या सरांचे अर्ज आहेत, सगळे फायलीला लावलेत." दुपारी दोन डबे पुन्हा एका टेबलावर आले. पुढे दोघे एकाच एकतीस मेला निवृत्त झाले. एकच समारंभ, दोन शाली.

पण भूगोलाच्या सरांचं अचूकपण गप्प बसणारं नव्हतं. आपण धाकटे अशी नोंद झाली आहे ना, मग ती पाळायला हवी. त्या वर्षीपासून दर दसऱ्याला ते आपट्याची पानं घेऊन गणिताच्या सरांच्या घरी जायचे आणि चारचौघांत वाकून त्यांच्या पाया पडायचे. गणिताचे सर संकोचाने म्हणायचे, "पुरे रे आता." तेही काही पंचवीस-तीस वर्षं चुकीचं गणित करणारे नव्हते. पण दोघांपैकी कुणी त्यावर कधी बोलल्याचं मला ठाऊक नाही. म्हातारी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

यंदाच्या दसऱ्याला मीही तिथे गेले होते. गणिताच्या सरांना हल्ली काही आठवत नाही. मुलगा ओळखू येत नाही, शाळा आठवत नाही, पाढे मात्र मधूनच म्हणतात. भूगोलाचे सर काठी भिंतीला टेकवून, गुडघ्यावर हात ठेवत नेहमीसारखे वाकले. गणिताच्या सरांनी घाईने पाय मागे घेतले.

"दादा, हे काय? तू माझ्या पाया पडतोस? काकू मारील मला."

सूनबाई ओशाळून म्हणाल्या, "मनावर घेऊ नका, काहीही बोलतात हल्ली," आणि चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात गणिताचे सर खुर्चीतून उठायचा प्रयत्न करू लागले. त्यांना वाकायचं होतं. भूगोलाच्या सरांनी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजारपणात असंच होतं, बाई."

मी मान हलवली. त्यांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. सूनबाईंच्या कपांचा आवाज येत होता. मग त्यांनी गणिताच्या सरांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि चहा येईपर्यंत तो तसाच राहू दिला.